कम्युनिटी प्रोजेक्टमध्ये बाहेरच्या लायब्ररीचा फोर्क वापरायचा असेल तर ते कुणी आणि कसं ठरवायचं?

तुम्ही लिहिलंय की प्रोजेक्टमध्ये बारा जण आहेत, पगारी कुणीच नाही, एकाने बाहेरच्या लायब्ररीचा स्वतःचा फोर्क करून तोच सगळ्यांना वापरायला लावलाय आणि आता यावरून दोन गट पडलेत. मी सोलापुरात हेच सगळं भोगलंय म्हणून लिहायला बसलो. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, फोर्क म्हणजे त्याची आपण वेगळी सांभाळायची कॉपी, आणि पिन करणं म्हणजे एकाच ठराविक व्हर्जनला बांधून ठेवणं, हे तुम्हाला माहितीच आहे.

आमचं एक छोटं ओपन सोर्स टूल आहे, पायथनमधलं. चादरीचं किंवा टॉवेलचं डिझाइन इमेज म्हणून दिलं की ते रंग कमी करून ग्राफ काढतं आणि इलेक्ट्रॉनिक जकार्डला (मागावर डिझाइन विणणाऱ्या यंत्राला) चालेल अशी फाइल देतं. पूर्वी हेच काम ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवून मग कार्ड पंचिंगला देऊन व्हायचं, माझ्या वडिलांनी ते आयुष्यभर केलं, त्यामुळे हे टूल बंद पडलं की मला घरातलं काहीतरी मोडल्यासारखं वाटतं.

2021 मध्ये अडचण अशी आली की आम्ही इमेज वाचायला जी लायब्ररी वापरायचो ती कडेचे पिक्सेल मऊ करायची आणि सहा रंगांच्या डिझाइनमध्ये सातवा-आठवा रंग घुसायचा. स्क्रीनवर ते कळत पण नाही, पण मागावर सातवा रंग म्हणजे सातवं सूत, ते आणायचं कुठून? आमच्यातल्या एका मित्राने लायब्ररी कोड ठेवायच्या साइटवर स्वतःच्या अकाउंटवर फोर्क केली, एका रात्रीत दुरुस्त केली आणि आमच्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये (टूलला बाहेरचं काय काय लागतं त्याची यादी) त्या फोर्कच्या मास्टर ब्रँचची, म्हणजे बदलत राहणाऱ्या मुख्य कोडची, लिंक टाकली. कमिट हॅश (कोडच्या एका ठराविक अवस्थेचा न बदलणारा नंबर) नाही, फक्त ब्रँच. डिझाइन बरोबर यायला लागली, सगळे खुश, मी पण खुश.

2022 मध्ये सात रस्त्याजवळ चहाला बसलो असताना मी म्हणलं की हा फोर्क प्रोजेक्टच्या अकाउंटवर आणू, कशासाठी केलाय ते एका फाइलमध्ये लिहू, आणि बदल मूळ लायब्ररीला पाठवू. मित्राला ते लागलं. "काय बे, माझ्यावर विश्वास नाय का तुझा?" त्याचं म्हणणं असं की आपण काय कंपनी आहे का, फुकट काम करणाऱ्या माणसाला नियम लावले तर कोण थांबेल. मत घेतलं, पाच विरुद्ध दोन, मी हरलो. पुढं दोन वर्षं तो विषय काढला की लोक म्हणायचे तू मनात धरून बसलायस.

जानेवारी 2024, सोलापुरातली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा चालू, आणि सकाळी सातला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखानदार अण्णांचा फोन. नवीन कॉम्प्युटर घेतलाय, टूल इन्स्टॉलच होत नाही, चार लूम थांबलेत. बघतो तर फोर्कची लिंक मेलेली. मित्राने नवीन नोकरी धरली होती आणि जुनं अकाउंट बंद करून टाकलं होतं, त्याच्या ध्यानातही नव्हतं की आमचं सगळं त्यावर टांगलंय. अण्णांच्या जुन्या मशीनवर एक कॉपी सापडली म्हणून वाचलो, नाहीतर तो कोड गेलाच होता.

ती कॉपी उघडल्यावर मला खरा घाम फुटला. त्या लायब्ररीच्या पोटात लिबवेबपीचा (वेबपी प्रकारच्या इमेज वाचणाऱ्या लायब्ररीचा) सोर्स कोड जसाच्या तसा कॉपी केलेला होता, 2021 चा. सप्टेंबर 2023 मध्ये लिबवेबपीत सुरक्षेचं ते मोठं भोक सापडलं होतं (त्याचा नोंदणी नंबर सीव्हीई-2023-4863), मुद्दाम वाकडी बनवलेली इमेज नुसती उघडली की मेमरीत गडबड करता येत होती, क्रोम, फायरफॉक्स सगळ्यांना घाईत अपडेट काढावे लागले, लिबवेबपीच्या 1.3.2 व्हर्जनमध्ये ते बुजवलं. मूळ लायब्ररीने त्याच आठवड्यात अपडेट दिला. आमच्या फोर्कला ते कोण सांगणार? डिपेन्डन्सी (आपला कोड ज्या बाहेरच्या कोडवर अवलंबून असतो तो) तपासणारी टूल्स नाव आणि व्हर्जन बघतात, आत कॉपी करून ठेवलेला कोड त्यांना बहुतेक वेळा दिसतच नाही. आणि आमचे डिझाइनर इमेज नेटवरूनच उतरवतात, त्यातल्या निम्म्या वेबपी असतात. म्हणजे चार महिने आम्ही कारखान्यांच्या हातात ते भोक देत होतो.

मग मी फोर्क आणि मूळ कोड शेजारी ठेवून फरक काढला तर सगळा मिळून 43 ओळी. त्या मूळ लायब्ररीला पाठवल्या. त्यांनी एक टेस्ट मागितली, मी दिली, दोन आठवड्यांत कोड आत गेला. एवढ्यासाठी तीन वर्षं फोर्क पोसला.

आता तुमचा प्रश्न, कुणी ठरवायचं. ज्याने पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, लिहिला त्याने एकट्याने नाही, हे तर नक्की. फोर्क प्रोजेक्टच्या अकाउंटवरच पाहिजे, मर्जला (बदल मुख्य कोडात घ्यायला) दोन जण पाहिजेत आणि त्यातला एक पॅच लिहिणारा नको, कमिट हॅशवर पिन पाहिजे, आणि कारण, मूळ लायब्ररीकडे पाठवलेल्या पॅचची लिंक, पुन्हा तपासायची तारीख हे सगळं रिपॉझिटरीत, म्हणजे कोडसोबतच, लिहिलेलं पाहिजे. कुबरनेटीससारख्या मोठ्या ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये सुद्धा डिपेन्डन्सी बदलली की त्यासाठी नेमलेल्या वेगळ्या लोकांची मंजुरी लागते, नको असलेल्या डिपेन्डन्सींची यादीच एका फाइलमध्ये ठेवलीय. पॅकेज पायपीआयवर (पायथन पॅकेजेसच्या सार्वजनिक साठ्यावर) टाकणार असाल तर अजून एक, गिटची (कोड ठेवलेल्या जागेची) थेट लिंक डिपेन्डन्सी म्हणून दिलेली तिथे चालतच नाही, अपलोड परत येतो. आम्ही कधी पायपीआयवर टाकलंच नाही म्हणून आम्हाला ते कळायला उशीर झाला.

आणि विश्वासाचं म्हणाल तर 2018 मध्ये इव्हेंट-स्ट्रीम नावाची जावास्क्रिप्टची लायब्ररी एका मदत करणाऱ्या अनोळखी माणसाच्या हातात विश्वासानेच दिली होती, त्याने आत बिटकॉइन वॉलेट चोरणारी डिपेन्डन्सी घुसवली. एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या टूलमध्ये तर एक माणूस दोन वर्षांहून जास्त काळ चांगले पॅच देत होता, मग 2024 मध्ये त्याच्या 5.6.0 आणि 5.6.1 व्हर्जनमध्ये बॅकडोअर (चोरून आत शिरायची वाट) निघाला, तो पण एसएसएच लॉगिनला (दूरच्या कॉम्प्युटरवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने खोदून काढलं म्हणून. आमचा मित्र तसला नव्हता, मनाचा चांगला माणूस आहे, पण चांगला माणूस पण नोकरी बदलतो, आजारी पडतो, अकाउंट बंद करतो. नियम मागितला म्हणजे संशय घेतला असं नाही, हे मला 2022 मध्ये पटवता आलं नाही आणि त्याचं वाईट अजून वाटतं.

हे पण सांगतो की फोर्क दरवेळी चुकीचाच असतो असं नाही. मूळ प्रोजेक्ट मेला असेल, त्याचा मालक बदलला असेल किंवा लायसन्स बदललं असेल तर करावाच लागतो, 2010 मध्ये ओपनऑफिसमधून लिबरऑफिस तसंच निघालं, 2024 मध्ये रेडिस या डेटाबेसमधून व्हॅल्की. पण ते फोर्क माणसांसकट निघाले, सांभाळणारे आधी ठरले. तुमच्या बारा जणांत कोण सांभाळणार ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे ठेवा की काढा हे मी इथून सांगू शकत नाही.

तेवढा फरक काढून बघा, किती ओळी आहेत आणि मूळ लायब्ररीला पाठवल्या होत्या का. लहान असला तर इथेच टाका, रविवारी बसून मी बघतो.