बक्षीस किती, केव्हा आणि कुठवर?

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा आहे. 'आठवडाभर स्वतःचे कपडे स्वतः घातलेस तर रविवारी खेळणं' असं ठरवून भिंतीवर तक्ता लावला. दोन दिवस भलताच उत्साह. तिसऱ्या दिवशी शर्टाची बटणं लागेनात, रडारड झाली, त्या दिवसाचा स्टिकर गेला. तेव्हापासून तो तक्त्याकडे बघतही नाही. खेळणं आणखी मोठं ठेवावं का?

उत्तर : नको. खेळणं लहान पडलेलं नाही, पायरी उंच झाली आहे. बरीच मुलं चार वर्षांच्या सुमारास काही बटणं काढू लागतात. लावणं पाचच्या आसपास जमतं. बोटांना अजून न येणाऱ्या कामावर तुम्ही बक्षीस लावलंत. अशा वेळी आमिष वाढवलं तर मुलाचा फक्त जळफळाट वाढतो.

दुसरी चूक मुदतीची. चार वर्षांच्या मुलाला रविवार म्हणजे 'कधीतरी'. त्यात सलग सात दिवसांची अट घातली की एक दिवस हुकताच सगळंच गेलं, मग उरलेले चार दिवस त्यानं कशासाठी खटपट करायची?

आता तक्ता काढून ठेवा आणि आधी बटण शिकवा. शर्ट अंगात नको, टेबलावर पसरून ठेवा. बटणं दोनेक सेंटिमीटर रुंद असावीत, काज सैल असावं. शिकवायचं शेवटाकडून. तुम्ही बटण काजातून अर्धं बाहेर काढून द्या. त्यानं ते चिमटीत धरून फक्त ओढायचं. ते सहज जमू लागलं की बटणाची कड काजात ढकलणंही त्याच्याकडे द्या. काज शोधून ते दुसऱ्या हातानं ताणून धरणं सगळ्यात शेवटी. या उलट्या क्रमाचा फायदा असा की प्रत्येक वेळी काम त्याच्याच हातून पुरं होतं. सुरुवातीकडून शिकवलं तर मूल पहिला अवघड भाग करून अडकतं आणि शेवट आपण करून टाकतो. अंगातल्या शर्टावर आलात की सर्वांत खालच्या बटणापासून वर जा. खालचं बटण मुलाला दिसतं, हनुवटीखालचं दिसत नाही. शिवाय एक काज सोडून पुढच्यात बटण जाण्याचा घोटाळाही टळतो.

बक्षीस हवंच असेल तर ते आता या छोट्या पायरीला जोडा. तक्त्यावर पाचच चौकोन. पायरी झाली की लगेच, बोलणं संपायच्या आत, स्टिकर. आणि तो त्यानंच चिकटवायचा. पाच चौकोन भरले की वस्तू देण्यापेक्षा काहीतरी करायला मिळू द्या : आजची गोष्ट कुठली ते तो ठरवेल, किंवा आंघोळीत दहा मिनिटं जास्त खेळेल. पाच चौकोन दोन दिवसांत भरोत की सहा दिवसांत, मधले कोरे दिवस मोजायचे नाहीत. आणि एकदा मिळालेला स्टिकर शिक्षा म्हणून कधीही काढून घेऊ नका. तसं एकदा झालं की तक्ता म्हणजे धाक होतो.

दहापैकी आठ वेळा पायरी न सांगता जमू लागली की स्टिकर पुढच्या पायरीला लावा. जुन्या पायरीला नुसतं 'झालं की तुझं!' पुरे. तीन-चार आठवड्यांत तक्ता भिंतीवरून उतरला पाहिजे. उतरवताना कारण सांगा : 'आता हे तुला येतं.' चुपचाप गायब केलात तर त्याला वाटेल आपलं काहीतरी चुकलं.

प्रश्न : सहा वर्षांची मुलगी काहीही सांगितलं की आधी विचारते, 'मग मला काय देणार?' दात घासायलासुद्धा! तिला लाचेची सवय लागली का?

उत्तर : सौदा करायची सवय लागली आहे, आणि ती बहुतेक एका ठरावीक क्षणी लागते. मूल अडून बसतं, घाई असते आणि आपण तिथल्या तिथे काहीतरी कबूल करतो. आपल्या लेखी ते काम करण्याचं बक्षीस. मुलीच्या लेखी ते अडून बसण्याचं. म्हणून पहिला नियम : अडवणूक सुरू झाल्यावर कुठलीही नवी गोष्ट कबूल करायची नाही. बक्षीस ठरवायचं ते आधी, निवांत वेळी.

मग यादीचे दोन भाग करा. दात घासणं, ताट उचलणं, चपला जागेवर ठेवणं ही रोजची कामं बक्षिसाच्या बाहेर. नवं आणि सुरुवातीला कंटाळवाणं असं एखादंच कौशल्य, उदाहरणार्थ बुटाची नाडी बांधणं, तेवढं आत. रोजच्या कामांना बक्षिसाऐवजी क्रम वापरा : 'दात घासले की गोष्ट.' डेव्हिड प्रेमॅक या मानसशास्त्रज्ञानं 1959 मध्ये मांडलेलं तत्त्व हेच : आवडीचं काम नावडत्याच्या मागे बांधलं की नावडतं पुढे सरकतं. यात द्यायचं काही नसतं, गोष्ट तर रोज होतच असते. फक्त वाक्य 'घासलेस तर' असं नको, 'घासले की' असं हवं. 'तर' म्हटलं की वाटाघाटीला दार उघडतं.

पहिले काही दिवस मागणी कमी न होता उलट वाढेल, आवाजही चढेल. जे आजवर मिळत होतं ते थांबलं की मूल आधी जोर लावून बघतं. घरातली मोठी माणसं नेमकी इथे हरतात. चार वेळा 'नाही' म्हणून पाचव्यांदा दिलंत, तर ती एवढंच शिकते की पाच वेळा मागावं लागतं. अधूनमधून फळणारी सवय रोज फळणाऱ्या सवयीपेक्षा चिवट असते. तेव्हा आजी-आजोबांसकट सगळ्यांचं आधी एकमत करा.

प्रश्न : पाच वर्षांच्या नातीला चित्रांचा नाद आहे. प्रोत्साहन म्हणून मी प्रत्येक चित्रामागे एक चॉकलेट देते. हल्ली ती चार रेघा ओढून 'झालं' म्हणते.

उत्तर : आजी, चॉकलेट चित्रांच्या संख्येला मिळतं, म्हणून तिनं संख्या वाढवली. हिशेब तिचा बरोबर आहे! पण मुद्दा त्याहून खोल आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी तीन ते पाच वर्षांच्या, चित्रांची आवड असलेल्या मुलांवर केलेला प्रयोग 1973 मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना 'चित्र काढलं तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र' असं आधी सांगितलं. काहींना तेच प्रशस्तिपत्र न सांगता, चित्र झाल्यावर दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत बघितलं, तर आधी कबूल केलेलं बक्षीस मिळालेली मुलं चित्रांवर इतरांच्या साधारण निम्माच वेळ घालवत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती. म्हणजे बक्षिसापेक्षा 'हे कर, मग ते मिळेल' हा करार बाधला.

मूल जे आपणहून करतं त्यावर बक्षीस लावू नये. चॉकलेट द्यायचं तर द्या, पण चित्राशी बांधू नका. चित्र आणलं की जवळ बसून बघा. 'छान' एवढ्यावर न थांबता दिसलं ते बोला : 'हिची सावली निळी केलीस की!', 'हा कुठे पळतोय?' काही दिवस ती 'चॉकलेट?' विचारेल. 'आता चित्रं आपण भिंतीवर लावायची' म्हणा आणि कुठलं लावायचं ते तिला निवडू द्या.

प्रश्न : दोन मुलांसाठी एकच तक्ता चालेल का?

उत्तर : नाही. धाकटा हरतच राहतो आणि थोरला त्याचे स्टिकर मोजत बसतो. दोघांचे तक्ते वेगळे, कामंही वेगळी, आणि शक्यतो दोन वेगळ्या भिंतींवर. काम झालं की एक मणी टाकत दोघांनी मिळून भरायची एखादी बरणी चालते. पण त्यात एकाच्या चुकीनं दुसऱ्याचे मणी काढायचे नाहीत.

प्रश्न : मुलगा सहाचा. आधाराची चाकं काढल्यापासून सायकलला हात लावत नाही. 'न पडता फाटकापर्यंत गेलास तर हवं ते देईन' म्हटलं, तर आणखीच घाबरला.

उत्तर : साहजिक आहे. आता पडलं तर गुडघाही फुटणार आणि बक्षीसही जाणार. भीती म्हणजे आळस नव्हे. ती बक्षिसानं हटत नाही, पायरी लहान केल्यावर हटते. आधाराच्या चाकांवर सायकल कलत नाही, त्यामुळे तोल सांभाळणं तो आजवर शिकलेलाच नाही.

दोन्ही पेडल काढून टाका. डावं पेडल उलट आट्यांचं असतं, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवल्यावर सुटतं. हे माहीत नसलं की माणूस जोर लावून ते आणखी घट्ट करतो. सीट इतकी खाली आणा की बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील आणि गुडघे किंचित वाकतील. आधी बसून चालणं, मग मोठ्या ढांगा, मग पाय उचलून एक-दोन-तीन म्हणेपर्यंत घरंगळणं. दिवसाला दहा-पंधरा मिनिटं बस्स. तो दमायच्या आत थांबा.

स्टिकर द्यायचा तर सराव केल्याबद्दल द्या, पडला तरीही. अंतर मोजू नका. चार-पाच सेकंद घरंगळत हलकं वळण घेता आलं की पेडल परत बसवा, पण पहिले काही दिवस सीट वर करू नका.