पिनकोड आणि चार कोटी अंकांची मूळसंख्या

प्रश्न : आमच्या पंचवटीचा पिनकोड ४२२००३. ही मूळसंख्या आहे का? आणि कोट्यवधी अंकांची मूळसंख्या तपासतात तरी कशी? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. ४२२००३ चे वर्गमूळ ६४९ च्या थोडे पुढे येते, म्हणून ६४९ पर्यंतच्या मूळसंख्यांनीच भागून पाहायचे. ३१ ने निःशेष भाग जातो : ३१ × १३६१३.

कोट्यवधी अंकांना ही रीत पुरत नाही. २०२४ मध्ये सापडलेली मूळसंख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. तिचे अंक ४,१०,२४,३२०. या रूपाच्या संख्यांसाठी लुकास-लेहमर चाचणी आहे, आणि ती फार सुंदर आहे. घातांक विषम मूळसंख्या हवा. ४ पासून सुरुवात करा, वर्ग करा, २ वजा करा, जी संख्या तपासायची तिने भागून बाकी ठेवा. असे घातांकापेक्षा दोन कमी वेळा करा. शेवटी शून्य उरले तरच संख्या मूळ. घातांक ५ घेऊन ३१ तपासा : ४, १४, ८, ०.

बाकी दर पायरीला घ्याच. नाहीतर अंक प्रत्येक वेळी जवळपास दुप्पट होतात. घातांक मूळ असणे पुरेसे नाही, हेही ध्यानात ठेवा : ११ घेतल्यास २०४७ येते, म्हणजे २३ × ८९. शून्य आले नाही तर संख्या संयुक्त हे पक्के, पण अवयव मात्र या चाचणीतून कळत नाहीत.