ग्रॅफिटीला कला म्हणावं का, की ती नुसती भिंतीची नासाडी?

मालवणच्या बंदरात मी 22 वर्षं होड्यांवर नावं रंगवतोय. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून माझ्या डोळ्यांपुढे चित्रं नाही, अक्षरं आली. आजची ग्रॅफिटी सुरू झाली तीच मुळी नावापासून.

न्यूयॉर्कमध्ये एक निरोप्या पोरगा जाईल तिथे 'टाकी 183' लिहायचा. टाकी हे त्याचं लाडाचं नाव, 183 त्याच्या रस्त्याचा नंबर. 1971 साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याच्यावर बातमी आली आणि आणखी पोरं आपापली नावं लिहू लागली. सगळेच लिहायला लागल्यावर नुसतं नाव कोणाच्या नजरेत भरणार? मग अक्षर फुगलं, वळलं, एकमेकांत गुंतलं. आमच्याकडेही तेच चालतं. शंभर होड्यांत आपली लांबून ओळखू यावी म्हणून तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, येऊन सांगतो, 'म'ची गाठ जरा मोठी काढ. स्प्रेने लांब वळण काढताना मनगट पुरत नाही, अख्खा खांदा फिरवावा लागतो, आणि हात जरा थांबला की ओघळ येतो. ही हातोटी ज्याला साधली त्याला मी कलाकारच म्हणेन.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या दगडावर खिळ्याने कोरलेली नावं आणि बदाम बघून मात्र जीव जळतो. कोरणाऱ्याने ना अक्षराकडे पाहिलेलं असतं, ना दगडाकडे. रंग उतरवता येतो, उडालेला टवका परत बसत नाही.

परवानगीचं म्हणाल तर माझ्या शटरवर न विचारता कोणी रंग मारला तर मी भांडेन. पण ते भांडण मालकीचं. काढलेलं चांगलं की वाईट, हा सवाल वेगळा. न्यूयॉर्कच्याच 'फाइव्ह पॉइंट्झ' इमारतीवर मालकाच्या संमतीने वर्षानुवर्षं ग्रॅफिटी होत होती. 2013 मध्ये त्याने ती रातोरात पांढरी करून टाकली. इमारत त्याचीच, तरी 2018 मध्ये कोर्टाने 21 कलाकारांना 67 लाख डॉलर भरपाई द्यायला लावली.

आता आमच्या भिंतीचं सांगतो. पावसाळ्यातली मासेमारी बंदी चालू होती, होड्या वर ओढलेल्या. एका सकाळी लिलावाच्या शेडमागे निळ्या ऑइल पेंटने एका होडीचं नाव लिहिलेलं दिसलं. आदल्या वर्षी बुडालेली होडी, तिच्यासोबत दोन माणसं गेली. नाव इथे देत नाही. 'र'ची शेपटी खाली लांब ओढून वर वळवलेली होती. मी तशी काढतो. त्या होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, मीच काढली होती. लिहिणाऱ्याने ती रोज बघून बघून पाठ केली असणार. कोण ते मी आजवर विचारलं नाही. जाळं विणत बसलेली एक म्हातारी एवढंच म्हणाली, "रवांदे ता."

कोणी साहेब येणार होते, म्हणून ती भिंत पांढरी करायचं काम माझ्याकडे आलं. पॉलिश पेपर मारून, प्रायमर लावून मग रंग द्यायला हवा होता. मी नुसता चुना मारला. तेलाच्या रंगावर चुना धरत नाही, हे मला माहीत होतं. पुढच्या पावसाळ्यात पोपडे सुटले आणि सगळ्यात आधी ती 'र'ची शेपटी वर आली.