ध्वनीवर चुंबकाचा परिणाम होत नाही, मग नॅनो उपकरणात त्याच्यासाठी ‘कृत्रिम चुंबकीय क्षेत्र’ कसं काय तयार करतात?

तुमची शंका रास्त आहे, कंपनांवर विद्युतभार नसतो त्यामुळे चुंबक कितीही जवळ नेला तरी त्यांना काही फरक पडत नाही. या उपकरणात चुंबक नसतोच, त्याचं काम लेझर करतो.

आधी चुंबक इलेक्ट्रॉनला काय करतो ते बघा. मार्ग वळवतो हे आपण शाळेत शिकलो, पण 1959 मध्ये अहारोनोव आणि बोम यांनी दाखवलं की इलेक्ट्रॉन क्षेत्राला न शिवता नुसता त्याच्या बाजूने गेला तरी त्याच्या लहरीचा फेज, म्हणजे लहर आपल्या चढउताराच्या चक्रात कुठे आहे ते (पूर्ण चक्र 360 अंशांचं), सरकतो, एका बाजूने गेला तर पुढे आणि दुसऱ्या बाजूने गेला तर मागे. मग हाच दिशेवर अवलंबून असलेला फेज कंपनांना दुसऱ्या कुठल्या मार्गाने देता आला तर झालं की काम!

आता सिलिकॉनची काहीशे नॅनोमीटर जाडीची पट्टी घ्या. समजा तिचं एक कंपन 4 मेगाहर्ट्झचं आहे आणि दुसरं 5 चं, दोघांचा ताल जुळत नाही म्हणून एकातली ऊर्जा दुसऱ्यात जात नाही. पण लेझरची तीव्रता बरोबर 1 मेगाहर्ट्झने कमीजास्त केली की पट्टीत अडकलेल्या प्रकाशाचा दाब ती तफावत भरून काढतो आणि कंपन पहिल्यातून दुसऱ्यात उडी मारतं. खरी गंमत पुढे आहे, लेझरच्या त्या चढउताराचा फेज उडीला चिकटतो, जाताना अधिक आणि परत येताना उणे.

दोनच कंपनं असतील तर या फेजचा काही उपयोग नाही, तो घड्याळ मागेपुढे करण्यासारखा आहे. तिसरं कंपन जोडून कंपन 1, 2, 3 आणि परत 1 असा लूप बंद केला की मग तो लपत नाही. प्रत्येक उडीत मुळातच 90 अंशाचा उशीर होतो, त्यामुळे 1 वरून 2 ला थेट गेलेली लहर आणि 3 वरून वळसा घालून आलेली लहर यांच्यात 90 अंशाचा फरक असतो, आता लेझरने लूपमध्ये आणखी 90 घातले की एका दिशेने फरक शून्य होतो आणि लहरी एकमेकींना साथ देतात, उलट दिशेने तो 180 होतो आणि त्या एकमेकींना खोडतात.

मला स्वतःला हे पटलं ते या तीन कंपनांची समीकरणं कॉम्प्युटरवर सोडवली तेव्हाच. फेज शून्य ठेवला तर 1 मध्ये दिलेलं कंपन 2 आणि 3 मध्ये सारखंच वाटलं गेलं, 90 केला तर ते पूर्णच्या पूर्ण 2 मध्ये, मग 3 मध्ये, मग परत 1 मध्ये असं गोल फिरायला लागलं आणि चिन्ह बदलल्यावर तेच उलटं फिरलं. कितीतरी वेळ मी नुसतं तेच बघत बसलो होतो!

2020 मध्ये नेदरलँड्सच्या अॅमॉल्फ संस्थेतल्या गटाने नॅनो उपकरणात लेझर वापरूनच कंपनांसाठी असं क्षेत्र तयार केलं. त्याआधी 2014 मध्ये अमेरिकेत पंख्यांनी हवा गोल फिरवून ऐकू येणारा आवाज एकाच दिशेने पाठवून दाखवला होता, तोही प्रकार जवळचाच, पण चिपवर पंखे बसवणार कुठे, म्हणून मला लेझरचा मार्ग जास्त पटतो. शिवाय इथे क्षेत्राची दिशा उलटी करायची तर फक्त लेझरच्या चढउताराचा फेज बदलायचा, उपकरणाला हातसुद्धा लावावा लागत नाही.