आधी दोन मीटर कासरा घे

अरे,

परवा होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेत भेटलास तेव्हा त्या पाळण्यांच्या भोंग्यात धड बोलताच आलं नाही. तू विचारलंस काका, जीपी रेटिंगला, म्हणजे जहाजावरच्या खलाशाच्या कोर्सला जायचंय, आत्तापासून काय वाचू, आणि मी म्हटलं काही वाचू नको, तेवढ्यात तुझे दोस्त तुला ओढून घेऊन गेले. तुला वाटलं असेल म्हातारं उडवून लावतंय. तसं नाही बे, म्हणून हे लिहायला बसलो.

कागदाचं पटकन सांगून टाकतो कारण ते कुणीही सांगेल. दहावी पास, इंग्रजीत निदान ४० टक्के, सहा महिन्यांचा कोर्स, संस्था डीजी शिपिंगची, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याची मान्यता असलेलीच हवी आणि ती मान्यता त्यांच्याच साइटवर स्वतः बघायची, एजंटच्या मोबाइलवर नाही. त्यातच पाण्यात जीव वाचवायचं, आगीचं, फर्स्ट एडचं असे एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे खलाशांच्या ट्रेनिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांतले छोटे कोर्स होतात, मग सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक. पण सगळ्यात आधी डोळे तपास, विशेष करून रंग. डेकवर रात्री लांबून येणाऱ्या जहाजाचा लाल दिवा दिसतोय का हिरवा यावरून ते कुठल्या अंगानं चाललंय हे कळतं, लाल म्हणजे त्याची पोर्ट म्हणजे डावी बाजू, हिरवा म्हणजे उजवी, स्टारबोर्ड. रंगात घोळ असेल तर डेक विसर, फी भरायच्या आधीच विसर. आणि नोकरी लावतो म्हणून कुणी लाखात पैसे मागितले तर सरळ उठून यायचं. एमएलसी २००६ म्हणून खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात नोकरी लावायचे पैसे खलाशाकडून घ्यायचे नाहीत असं स्वच्छ लिहिलंय. भरती करणाऱ्याकडं आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं सरकारी लायसन्स पाहिजे, तो नंबरही डीजीच्या साइटवर तपासता येतो. आपल्या पेठेतल्याच एकानं आईचे दागिने मोडून पैसे भरले होते, पोरगं अजून घरीच आहे.

आता मुद्द्याचं. वाचू नको म्हटलं कारण डेकचं काम हातात असतं, आणि हाताला शिकायला डोक्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून उद्या बाजारात शेतीचं सामान मिळतं तिथं जा आणि बोटाएवढ्या जाडीचा दोन मीटर कासरा घे. कपडे वाळत घालायची ती गुळगुळीत प्लास्टिकची दोरी आणू नको, तिच्यात गाठ बसत नाही, सुटते, आणि तुला वाटेल आपलंच चुकलं.

पहिली गाठ बोलाइन. हिचा फास आवळत नाही आणि कितीही ताण आला तरी नंतर सोडता येते, म्हणून माणसाला कमरेला बांधून वर ओढायचं असेल तरी हीच. ती तू व्हिडिओ बघून दहा मिनिटांत शिकशील आणि मला फोन करून सांगशील काका आली. नाही आली. डोळे मिटून आली का? पाठीमागं हात घेऊन? दोर भिजलेला असताना, हातात ग्लोव्हज असताना, कुणीतरी शेजारी ओरडत असताना? माझ्या ट्रेनिंगमध्ये इन्स्ट्रक्टरनं दिवे बंद करून बोलाइन मारायला लावली होती, वर्गात मी सगळ्यात हुशार समजत होतो स्वतःला, आणि दिवे लागले तेव्हा माझ्या हातात नुसता गुंता होता. नंतर कितीतरी रात्री कॉटच्या दांड्याला बांधत बसायचो.

मग क्लोव्ह हिच, राउंड टर्न अँड टू हाफ हिचेस, रोलिंग हिच, या दोर कशाला तरी बांधायच्या गाठी. आणि शीट बेंड, दोन वेगळ्या जाडीचे दोर जोडायची गाठ. ही मला कुणी शिकवली असं वाटतं तुला? ट्रेनिंगमध्ये ती बघितली आणि मला हसूच आलं, कारण लूमवर, म्हणजे मागावर धागा तुटला की आमचे अप्पा जी गाठ मारायचे तीच ही, फरक एवढाच की इथं दोर मनगटाएवढा. अप्पा ती गाठ दोन बोटांत मारायचे, बघताबघता, बोलणं न थांबवता. तुझे पप्पाही एमआयडीसीत तेच करतात, कधी त्यांच्या बोटांकडं बघितलंयस का?

स्प्लाइस पण शिक, म्हणजे दोराचे पेड उकलून ते दोरातच परत विणायचे आणि टोकाला कायमचा डोळा करायचा. पेडाच्या पिळाच्या उलट दिशेनं, एकावरून एकाखालून. नायलॉन, पॉलिप्रॉपिलीन घसरतं म्हणून त्याला निदान पाच फेरे लागतात, तीनवर सोडलंस तर बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, तुझ्यासमोरच उकलून परत करायला लावेल. लावलंच पाहिजे.

हिव्हिंग लाइन, म्हणजे जहाजावरून धक्क्यावर फेकायची बारीक दोरी, ती फेकायचा सराव गच्चीवर नको, खाली मैदानात कर. दोर गोल गुंडाळायचा, अर्धा एका हातात अर्धा दुसऱ्या, टोकाला वजन म्हणून मोज्यात मूठभर वाळू भर, नट बोल्ट मुळीच नको. जहाजावरही टोकात लोखंड घालायला बंदी आहे, कारण पलीकडं धक्क्यावर माणूस उभा असतो.

हे झालं हाताचं. आता पायाचं, आणि हे मी सगळ्यात जास्त वेळा सांगणार आहे. जहाज धक्क्याला लागतं तेव्हा मूरिंगचे, म्हणजे जहाज धक्क्याला बांधायचे दोर विंचवर ताणतात. नायलॉन रबरासारखा ताणला जातो, आणि तुटला तर एवढी ताकद घेऊन उलटा येतो की बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. पूर्वी डेकवर रंगानं पट्टे मारायचे, या भागात उभं राहू नका म्हणून. आता उलट शिकवतात की पट्ट्याच्या बाहेर आपण सेफ आहोत असं कुणी समजू नये, आख्खा मूरिंग डेकच धोक्याचा धरायचा. १ जानेवारी २०२४ पासून सोलासमध्ये, म्हणजे जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात, मूरिंगच्या दोरांची देखभाल, तपासणी, नोंदी याचे नियम कडक केलेत, ते चांगलंच झालं.

मी ट्रेनी होतो, पहिलंच जहाज, रात्रीची वेळ, मागच्या बाजूला स्टेशनवर होतो आणि समोर शहराचे दिवे लागलेले, सोलापूरच्या पोरानं असलं काही बघितलेलं नव्हतं, मी बघत उभा. डेकवर पडलेल्या दोराचा वेढा झाला होता आणि माझा डावा पाय बरोबर त्या वेढ्यात. बोसन कोकणातला होता, सगळे त्यांना सारंगच म्हणायचे, त्यांनी काही न बोलता कॉलर धरून मला मागं खेचलं आणि पुढच्या क्षणाला तो वेढा सरळ होऊन बिटवर, म्हणजे दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर, टाणकन वाजला. तिथं माझी पिंढरी असती. रात्री जेवताना त्यांनी एवढंच विचारलं, "पाय कुठं होता?" पुढं सहा महिने रोज, चहा पितानासुद्धा, पाय कुठंय रे. अजूनही तुळजापूर वेशीत बस पकडताना मी आधी पाय बघतो, बायको हसते.

स्टिअरिंगला उभं केलं तर ऑर्डर आली की ती मोठ्यानं परत म्हणायची. "पोर्ट टेन" आलं की "पोर्ट टेन, सर", मग चाक फिरवायचं, नजर रडर इंडिकेटरवर, म्हणजे सुकाणू किती वळलं ते दाखवणाऱ्या काट्यावर, सुई दहावर आली की पुन्हा सांगायचं. आपल्याकडं मोठ्यांनी काही सांगितलं की हो हो म्हणून मान हलवायची सवय असते, ती इथं चालत नाही. मी एकदा नुसतं "येस सर" म्हणून उलटीकडं फिरवलं होतं, पायलटनं, म्हणजे बंदरात वाट दाखवायला जहाजावर येतो त्यानं, लगेच पकडलं म्हणून निभावलं.

पहिले काही महिने मात्र मुख्य काम चिपिंग. हातोड्यानं गंज ठोकायचा, वायर ब्रश मारायचा, प्रायमर, मग रंग, आणि एका टोकाला संपेपर्यंत दुसऱ्या टोकाला गंज परत आलेला. कंटाळा येईल. लूमच्या खडखडाटात वाढलायस म्हणून कानाला इअरमफ न लावता मर्दुमकी करू नको, अप्पांना साठीत काही ऐकू यायचं नाही.

आणि त्या गंजाची एक गोष्ट लक्षात ठेव. लोखंड गंजतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन खातं. महिनोन्‌महिने बंद असलेली टाकी, चेन लॉकर म्हणजे नांगराची साखळी ठेवायची कोठी, आत वास नाही, धूर नाही, सगळं शांत, पण श्वास घ्यायला काही उरलेलं नसतं. आपल्याकडं जुन्या विहिरीत मोटार काढायला एक उतरतो, तो पडला म्हणून भाऊ उतरतो, मग शेजारचा. जहाजावर अगदी तस्संच होतं. परमिट, आधी हवा खेळती करणं, मीटरवर ऑक्सिजन जवळपास २१ टक्के, तोंडाशी एक माणूस उभा, हे सगळं झाल्याशिवाय चीफ ऑफिसर म्हणाला तरी आत डोकंसुद्धा घालायचं नाही. आत कुणी पडलेला दिसला तर आधी अलार्म. उतरायचं नाही, तुझा जिगरी असला तरी. हे कठीण आहे, मला माहितीय.

पोहायला येतं ना तुला? विहिरीत शिकलास म्हणजे उडीची भीती नसेल, चांगलंय, पण लाइफजॅकेट घालून उडी वेगळी असते, एका हातानं नाक दाबायचं, दुसऱ्यानं जॅकेट खाली धरायचं, नाहीतर पाण्यात पडताना ते वर येऊन हनुवटीला दणका देतं.

रविवारी दुपारी चारनंतर ये, ऊन कलल्यावर. कासरा आण, आणि एक जुनी बारीक सुतळी पण आण. येण्याआधी पप्पांना म्हण, तुटलेल्या धाग्याची गाठ दाखवा, एकदा हळू आणि एकदा रोजच्या स्पीडनं. हळू दाखवताना ते अडखळतील बघ.

काका