टेबलावर तीनदा आलेली गाठ

प्रिय,

तुझी रेव्हिटची (इमारती-फर्निचरचं त्रिमितीय मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरची) फाइल काल रात्री उघडून नीट पाहिली. जेवणाचं टेबल, सहा खुर्च्या आणि भिंतीलगतचं तीन दारांचं बुटकं कपाट. मापं बरोबर आहेत, फॅमिली, म्हणजे वस्तूंचे पुन्हा वापरता येणारे साचे, नेटक्या बांधल्या आहेस. तू विचारलंस खुर्च्यांबद्दल: शेडेड (साध्या रंगछटांच्या) व्ह्यूमध्ये तपकिरी दिसतात आणि रिअलिस्टिक (खऱ्यासारखा) केलं की राखाडी पडतात, असं का? त्याचं उत्तर देतेच. पण खरं सांगायचं तर मला खुर्च्यांपेक्षा टेबलाची जास्त काळजी वाटली. त्याला लाकूड लावलंस, तरी ते लाकडाचं वाटत नाही.

आधी खुर्च्या. रेव्हिटमधल्या प्रत्येक मटेरियलला दोन रूपं असतात. शेडेड व्ह्यू रंग घेतो ग्राफिक्स टॅबमधून. रिअलिस्टिक व्ह्यू आणि रेंडर (संगणकाने काढलेलं फोटोसारखं चित्र) घेतात अपिअरन्स टॅबमधून. तू ग्राफिक्समध्ये तपकिरी भरलास आणि अपिअरन्समध्ये सुरुवातीचं कोरं राखाडी तसंच राहिलं. अपिअरन्स नीट भर आणि ग्राफिक्समध्ये ‘यूज रेंडर अपिअरन्स’वर खूण कर, म्हणजे शेडेडचा रंगही त्यावरूनच ठरेल.

एवढं केलंस तरी बैठक राखाडीच राहील. ती वेगळी फॅमिली आहे, खुर्चीच्या आत बसवलेली, आणि तिचं मटेरियल ‘बाय कॅटेगरी’वर आहे. म्हणजे आपलं कापड कोणतं हे ती स्वतः सांगत नाही, फर्निचर कॅटेगरीकडे बोट दाखवते. आणि तिथे काही नेमलेलंच नाही. बैठकीच्या फॅमिलीत मटेरियलचा पॅरामीटर (बाहेरून बदलता येणारी नोंद) कर, खुर्चीच्या फॅमिलीत दुसरा कर, मग खुर्चीतली बैठक निवडून तिचा पॅरामीटर खुर्चीच्या पॅरामीटरला जोड. ही साखळी एका जागी तुटली तरी प्रोजेक्टमधून कापड बदलता येत नाही. पॅरामीटर टाइपचाच ठेव, म्हणजे त्या प्रकारच्या सगळ्या खुर्च्यांना एकच. इन्स्टन्सचा, म्हणजे प्रत्येक खुर्चीला वेगळा, केलास की घाईत सहापैकी एखादी खुर्ची जुन्याच कापडात राहून जाते, आणि ते नेमकं ग्राहकासमोर दिसतं.

आता टेबल. ते 1800 मिमी लांब आहे. तू लावलेल्या ओकच्या चित्राचं माप 600 बाय 600 ठेवलं आहेस. चित्रात उजवीकडे वर एक सुंदर काळसर गाठ आहे. मोठं करून बघ: तीच गाठ, त्याच आकाराची, त्याच वळणाच्या रेघांसकट, 600-600 मिमीवर तीनदा आली आहे. बघणाऱ्याला ‘गाठ तीनदा आली’ असं शब्दांत सांगता येणार नाही, पण डोळ्याला फसवणूक कळते. ‘कुठेतरी प्लास्टिकसारखं वाटतंय’ असं तो म्हणतो आणि आपण बिचारे प्रकाश बदलत बसतो.

चित्र कितीही चांगलं असो, त्यातली फळी प्रत्यक्षात किती मोठी आहे हे आपणच सांगायचं असतं. सॉफ्टवेअरला ते कळत नाही. टेबलाच्या लांबीला पुरेल एवढ्या फळीचा फोटो शोध. प्लायची किंवा लॅमिनेटची अख्खी शीट 2440 बाय 1220 मिमीची असते. अनेक उत्पादक शीटभर नक्षीचं चित्र देतात आणि त्यावर माप लिहिलेलं असतं. तेच माप स्केलमध्ये भर, अंदाजाने नको. लहान चित्रच वापरायची वेळ आली तर गाठ नसलेलं, शांत रेघांचं निवड.

मापानंतर दिशा. तुझ्या टेबलाच्या पायांवर रेघा आडव्या चालल्या आहेत. असा पाय कुठलाही सुतार कापणार नाही. लाकडाची ताकद रेषांच्या लांबीत असते. आडव्या रेषांचा पाय जरा तिरका दाब आला की रेषांमधून फुटतो. म्हणून पाय उभ्या रेषांचा आणि वरची फळी लांबीच्या रेषांची. हे नियम पाठ नसलेला माणूसही आयुष्यभर अशीच टेबलं बघत आलेला असतो, त्यामुळे उलटं दिसलं की त्याला खटकतं. उपाय सोपा आहे: ‘ओक आडवा’ आणि ‘ओक उभा’ अशी दोन मटेरियल कर, चित्र तेच, फक्त एकाचा कोन 90 अंश. कुठल्या भागाला कोणतं लावायचं, हे तो भाग कसा कापला जाईल यावरून ठरव.

कडेचंही तसंच. तुझी 25 मिमी जाडीची कड बघ, तिच्यावर फळीचाच तुकडा चिकटवल्यासारखा दिसतो. टेबल भरीव लाकडाचं असेल तर लांब कडांवर रेघा लांबीला जातील आणि दोन्ही टोकांना कापलेल्या रेषांची तोंडं दिसतील: रेघा नाहीत, थोडी गडद, बारीक छिद्रांची जागा. फॅमिली एडिटरमध्ये त्या दोन बाजू पेंट टूलने वेगळ्या रंगव. प्लायवर व्हिनियर (खऱ्या लाकडाचा पातळ थर) असेल तर चारी बाजूंनी लिपिंगची, म्हणजे कड झाकणारी लाकडी, पट्टी येईल आणि तिच्या रेघा कडेच्या लांबीने जातील. यातलं तुझं टेबल कोणतं? हे ठरवल्याशिवाय कड बरोबर दिसूच शकत नाही. मी टेबलावर एवढा वेळ घालवते आहे तो याचसाठी. मटेरियल लावताना तू वस्तू कशी बनणार ते ठरवतेस किंवा ठरवतोस, आणि ते आधी ठरलं की चित्र निवडणं दहा मिनिटांचं काम उरतं.

कपाटाच्या तीन दारांकडे ये. एकच दार तीनदा ठेवल्यामुळे तिन्हींवर एकच नक्षी आली. चांगला सुतार तिन्ही दारं एका शीटमधून ओळीने कापतो, रेघ पहिल्या दारातून दुसऱ्यात आणि तिथून तिसऱ्यात वाहत जाते. तेही करता येतं. दार 450 मिमी रुंद आहे, तर एकाच चित्राची तीन मटेरियल कर आणि चित्राची आडवी जागा 0, 450, 900 अशी सरकव. चित्र मात्र निदान 1350 मिमी रुंदीचं हवं. इथे दाराच्या मटेरियलचा पॅरामीटर इन्स्टन्सचा ठेव. खुर्चीला जे टाळायला सांगितलं तेच इथे कामाला येतं.

आता एक गोष्ट फार जपून. सुरुवातीच्या वर्षांत मी एका घराच्या मॉडेलमध्ये असाच एक ओक डुप्लिकेट केला, नाव बदललं, कपाटासाठी गडद केला आणि खूश होऊन फाइल पुढे दिली. दुसऱ्या दिवशी कळलं की घरातली सगळी दारं आणि जिन्याच्या पायऱ्याही गडद झाल्या होत्या. मटेरियल दोन होती, पण दोघांच्या आतला अपिअरन्स असेट, म्हणजे दिसण्याच्या सेटिंगचा संच, एकच होता. मी बदलला तो असेट. पंधरा व्ह्यू पुन्हा रेंडर करावे लागले, आणि ते माझ्या सहकाऱ्याने रात्री बसून केले, याचं मला आजही वाईट वाटतं. अपिअरन्स टॅबमध्ये हाताचं एक छोटं चित्र असतं, त्यावर आकडा असतो: हा असेट आणखी किती मटेरियल वापरतात त्याचा. तो शून्य नसेल तर काहीही बदलण्याआधी बाजूच्या बटणाने असेटची प्रत काढ. वर सांगितलेली आडवी-उभी आणि सरकवलेली मटेरियल करताना तर हे प्रत्येक वेळी लागेल, नाहीतर एकाचा कोन फिरवलास की दुसऱ्याचाही फिरेल.

चकाकीबद्दल थोडं. टेबलाला ‘पॉलिश’ दाखवायला तू परावर्तन वाढवत नेलंस आणि ते काचेसारखं झालं. लाकूड, कापड, प्लास्टिक, अशा धातू नसलेल्या बहुतेक वस्तू समोरून पाहताना प्रकाशाचा जेमतेम 4 टक्के भाग आरशासारखा परत पाठवतात. नजर जितकी तिरकी, तितकं ते प्रमाण वाढत जातं. मॅट आणि ग्लॉसमध्ये फरक असतो तो मुख्यतः हा प्रकाश किती पसरतो त्याचा. म्हणून खरखरीतपणाचा आकडा बदल, परावर्तनाचा राहू दे. आणि पांढऱ्या लॅमिनेटला पूर्ण 255चा (0 ते 255 या मोजपट्टीवरचा सर्वांत उजळ) पांढरा देऊ नकोस. नेहमीचा चांगला पांढरा रंगसुद्धा साधारण 80 ते 90 टक्केच प्रकाश परतवतो; पूर्ण पांढऱ्यावर सावल्या मरतात.

बैठकीच्या कापडाला विणीसाठी बम्प लाव. जिम ब्लिन यांनी 1978 मध्ये मांडलेली ही युक्ती: पृष्ठभाग सपाटच ठेवायचा, फक्त त्यावर उजेड पडताना तो खडबडीत आहे असं मानून छटा काढायची. करड्या चित्रात पांढरं म्हणजे उंच, काळं म्हणजे खोल. विणीला ते छान चालतं. पण पाठीला बटणं दाबून केलेल्या फुगवट्या बम्पने दाखवायला जाऊ नकोस. बाह्यरेषा सरळच राहते आणि बाजूने पाहताच पोल खुलते. तो आकार मॉडेलमध्येच घडवावा लागतो.

चित्रांच्या आकाराचं भान ठेव. 4096 बाय 4096चं एक चित्र मेमरीत उघडलं की पिक्सेलला 4 बाइट धरून 64 एमबी होतं; 1024 बाय 1024चं फक्त 4. टेबलाच्या फळीला मोठं चित्र दे, बैठकीला लहान पुरे. सगळी चित्रं ऑफिसच्या सर्व्हरवर एकाच फोल्डरमध्ये ठेव आणि ऑप्शन्समधल्या रेंडरिंगमध्ये त्याचा पाथ जोडायला सगळ्यांना सांग. ती तुझ्या डेस्कटॉपवर राहिली तर दुसऱ्याच्या मशीनवर लाकडाच्या जागी नुसता सपाट रंग दिसतो.

येत्या दोन दिवसांत फक्त टेबल पूर्ण कर. त्याआधी तू बसतोस किंवा बसतेस त्या टेबलाखाली वाकून बघ: फळीची कड कशी आहे, पायाच्या रेघा कुठे जातात, पाय आणि पट्टी जुळतात तिथे कोणती रेघ कुठे थांबते. जमल्यास तिथला एक फोटो पाठव आणि भरीव की व्हिनियर, ते एका ओळीत कळव. कपाटाची दारं आपण त्यानंतर सोबत बसून करू. दुसऱ्या दाराच्या चित्राची सरकवण्याची दिशा पहिल्यांदा उलटीच पडते, ती बघून घेऊ.

तुझी,
ताई