नोंदणी नसलेल्या ‘बिहेव्हिअर अ‍ॅनालिस्ट’ने फी अडवली, लेकराला बांधलं; दाद कुठे मागायची?

प्रश्न: माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. आम्ही परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यात राहतो, शेती आहे. छत्रपती संभाजीनगरच्या एका थेरपी केंद्राच्या पत्रकावर ‘आंतरराष्ट्रीय प्रमाणित बिहेव्हिअर अ‍ॅनालिस्ट’ असं वाचलं आणि सोयाबीनच्या पैशातून सहा महिन्यांची फी आगाऊ भरली. एकूण ९६,००० रुपये. ६०,००० फोनवरून, ३६,००० रोख; रोखीची वहीच्या पानावर सही करून दिलेली चिठ्ठी तेवढी आहे. शहरात खोली करून मी लेकराला घेऊन राहिले. सातव्या आठवड्यात दाराच्या काचेतून पाहिलं, तर त्याला ओढणीनं खुर्चीला बांधलेलं. मनगटावर वळ उठले होते, त्यांचा फोटो काढला. विचारलं तर म्हणाले, ‘हा थेरपीचाच भाग आहे.’ त्याच दिवशी त्याला घेऊन गावी आले. आता पैसे मागितले की फॉर्मवरची माझी सही दाखवतात, ‘एकदा भरलेली फी परत मिळणार नाही.’ त्या ‘अ‍ॅनालिस्ट’ बाईंच्या सर्टिफिकेटचा फोटो पाठवते आहे. घरचे म्हणतात, कोर्टकचेरीत पडू नको, लेकराचं नाव गावभर होईल. काय करू? पुढचा माणूस निवडताना काय बघू? आणि रोख दिलेल्या ३६,००० चं काय?

उत्तर:

ताई, तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून दोनदा वाचला. वर सोनेरी शिक्का आहे, खाली सही आहे, मध्ये त्या बाईंचं नाव आहे आणि ‘४० तासांचं ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण केलं’ एवढंच लिहिलं आहे. ‘अ‍ॅनालिस्ट’ हा शब्द त्या कागदावर कुठेही नाही. तो फक्त पत्रकावर आहे. तुमची केस याच फरकावर उभी राहणार आहे, म्हणून ते पत्रक जपून ठेवा.

४० तासांचं प्रशिक्षण ही या क्षेत्रातली पहिली पायरी. ते घेतलेली व्यक्ती पुढची परीक्षा वगैरे देऊन टेक्निशियन होते आणि अ‍ॅनालिस्टच्या देखरेखीखाली मुलाबरोबर बसते. मुलासाठी काय योजना करायची हे ती ठरवत नाही, ते अ‍ॅनालिस्ट ठरवतो. अमेरिकेतलं प्रमाणन मंडळ बीसीबीए, म्हणजे अ‍ॅनालिस्टचं, प्रमाणपत्र देतं, त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण, दीड ते दोन हजार तासांचं देखरेखीखालचं काम आणि परीक्षा लागते. त्यातही १ जानेवारी २०२३ पासून या मंडळाने अमेरिका, कॅनडा आणि एखाद-दुसरा देश सोडून बाकीच्यांचे नवे अर्ज घेणं थांबवलं आहे. त्याआधी प्रमाणपत्र मिळवलेले लोक भारतात आहेत आणि ते रीतसर नूतनीकरण करतात. पण इथेच राहून अलीकडे बीसीबीए झालो असं कुणी सांगितलं, तर मंडळाच्या संकेतस्थळावर नाव शोधा. ती यादी सगळ्यांसाठी खुली आहे.

आता आपला कायदा. भारतीय पुनर्वास परिषद कायदा, १९९२ याच्या कलम १३ प्रमाणे मान्य शिक्षण आणि परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय पुनर्वास व्यावसायिक, म्हणजे दिव्यांगांना थेरपी किंवा शिक्षण देणारा तज्ज्ञ, म्हणून काम करता येत नाही. तसं केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुम्हाला कुणीतरी हेच कलम सांगेल. पण मी सगळा भार त्यावर टाकणार नाही. परिषदेच्या यादीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट अशी पदं आहेत. ‘बिहेव्हिअर अ‍ॅनालिस्ट’ असं वेगळं पद नाही. समोरचा वकील उभा राहून म्हणेल, ‘आमच्या अशील या कायद्याखाली येतच नाहीत.’ २०२१ साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी केंद्राने जो कायदा केला, त्याच्या अनुसूचीत मात्र ‘बिहेव्हिअरल अ‍ॅनालिस्ट’ हे पद आहे. पण त्या नोंदणीची घडी अजून बसते आहे. या फटीतच अशी केंद्रं चालतात, आणि पोटाला चिमटा घेऊन पैसे भरणारे तुमच्यासारखे आईबाप त्यात सापडतात, याचा मला मनापासून राग येतो. परिषदेकडे लेखी तक्रार जरूर पाठवा, पण पैशासाठी तिच्यावर विसंबू नका.

पैशाची वाट ग्राहक आयोगाची. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेचा दर्जा खोटा सांगणं हा अनुचित व्यापारी प्रथेचा प्रकार आहे. इथे एबीए (अ‍ॅप्लाइड बिहेव्हिअर अ‍ॅनालिसिस), म्हणजे असे अ‍ॅनालिस्ट देतात ती थेरपी, चांगली की वाईट हा वाद घालायचाच नाही. तुम्ही त्यात शिरलात तर ते तज्ज्ञ आणून तारखांवर तारखा घेतील. तुमचं म्हणणं एका ओळीचं: जे पद सांगून पैसे घेतले, ते पद त्या व्यक्तीकडे नव्हतं. पत्रक आणि सर्टिफिकेट शेजारी शेजारी ठेवले की झालं.

फॉर्मवरच्या सहीला घाबरू नका. सदोष सेवा थांबवून पैसे परत द्यायला नकार देणं हेही याच कायद्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित प्रथा म्हणून दिलं आहे. बिलावर पैसे परत करण्याची मुदत लिहिली नसेल तर ३० दिवस धरले जातात. एक खबरदारी मात्र घ्या. ‘करारच अन्यायकारक आहे, तो रद्द करा’ अशी मागणी केलीत तर प्रकरण राज्य आयोगाकडे न्यावं लागतं. म्हणून मागणी सदोष सेवेची आणि खोट्या दाव्याची ठेवा, म्हणजे जिल्हा आयोगातच काम होईल. संपूर्ण ९६,००० मागा, शिवाय खोलीचं भाडं आणि मानसिक त्रासाची भरपाई. सात आठवड्यांचे पैसे आयोग कदाचित वजा करेल, पण आपण होऊन कमी मागू नका.

आणि हे परभणीतच करता येतं. तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार चालते, त्यामुळे दर तारखेला संभाजीनगरची रेल्वे पकडायची गरज नाही. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. आधी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, पंधरा दिवस द्या, पोच सांभाळा. रोख ३६,००० चं काय, अशी काळजी तुम्ही पत्राच्या शेवटी केली आहे. वहीच्या पानावर सही करून दिलेली ती चिठ्ठी हासुद्धा पुरावाच आहे. तिला लॅमिनेशन करू नका, फोटोकॉपी काढा आणि मूळ कागद घरात ठेवा.

वकिलाचा खर्च? विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. परभणीच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे अर्ज द्या.

लेकराला बांधलं, ही गोष्ट मी पैशापासून पूर्ण वेगळी ठेवतो आहे. खऱ्या तज्ज्ञाला मुलाला कधी धरून ठेवावं लागलंच, तरी ते कशासाठी आणि किती वेळ हे आधी लेखी योजनेत असतं आणि त्यावर पालकांची संमती असते. ओढणीनं खुर्चीला बांधणं कुठल्याही योजनेत बसत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली हे बेकायदा डांबून ठेवणं आहे आणि त्याची पोलिसांना थेट दखल घेता येते. बाल न्याय कायद्याचं कलम ७५, म्हणजे ताब्यातल्या मुलाशी क्रूर वागणं, हेही लागू होतं. ‘घटना संभाजीनगरची आहे, तिकडे जा’ असं सेलूच्या ठाण्यात म्हणाले, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चं नाव घ्या. हद्दीबाहेरच्या घटनेचीही फिर्याद घ्यावी लागते. तरीही टाळाटाळ झाली, तर दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ७ प्रमाणे संभाजीनगरच्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे तहसीलदारांकडे, लेखी माहिती द्या.

केंद्राकडून तडजोडीचा निरोप येईल असं मला वाटतं: पैसे घ्या आणि विषय मिटवा. पैसे जरूर घ्या, तो तुमचा हक्क आहे. पण बांधल्याबद्दल तक्रार नाही असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका. त्या खोलीत उद्या दुसरं लेकरू बसणार आहे.

घाई करायची ती एकाच बाबतीत. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. आजच केंद्राला लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेल दोन्हीवर, की अमुक तारखेचं चित्रण जपून ठेवावं. मनगटावरच्या वळांचा फोटो ज्या फोनमध्ये काढला तो फोन विकू नका, रीसेट करू नका.

नाव गावभर होण्याबद्दल: ग्राहक तक्रारीत तक्रारदार तुम्ही आहात, आणि पीडित मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने माध्यमांना बंदी आहे. घरच्यांना हे वाचून दाखवा.

पुढचा माणूस निवडताना काय बघू, असं तुम्ही विचारलं आहे. पैसे देण्याआधी नोंदणी क्रमांक मागा. विशेष शिक्षक किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर पुनर्वास परिषदेचा क्रमांक असतो. त्याचंही नूतनीकरण करावं लागतं, म्हणून तारीख बघा. क्रमांक स्वतः तपासा, त्यांनी दाखवलेल्या कागदावर थांबू नका. मुलाबरोबर रोज कोण बसणार आणि त्याच्यावर देखरेख कोण करणार, ही दोन्ही नावं लिहून घ्या. संस्थेकडे दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५० खालची नोंदणी आहे का, ते जिल्हा परिषदेत विचारा. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की आईला खोलीत बसू देतात का. जे नाही म्हणतात, त्यांच्याकडे मी माझं मूल पाठवणार नाही. फी महिन्याची महिन्याला द्या.

तोवर लेकराचा सराव थांबायला नको. जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र कुठल्या दिवशी चालतं, ते सिव्हिलमध्ये चौकशी करून घ्या. तिथे पैसे लागत नाहीत. नीट तपासणी आणि घरी करायच्या सरावाची आखणी हवी असेल तर सिकंदराबादला मनोविकासनगरात बौद्धिक दिव्यांग व्यक्तींसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे, आणि सेलूहून देवगिरी एक्सप्रेसने तिकडे जाता येतं. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र अजून काढलं नसेल तर सिव्हिलच्या त्याच फेरीत अर्ज करा. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘निरामय’ आरोग्य विम्याला ते लागतं, आणि त्या एक लाखाच्या विम्यात थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतो.